बाबांच्या पंच्याहत्तरीला जुन्या ब्रिटिश टीव्ही ट्यून्स वाजवायच्या आहेत, त्याबद्दल

तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. यांचे बाबा १९७१ साली लेस्टरला गेले, तिथे होजिअरीच्या कारखान्यात नोकरी केली, आता नाशिकला परत आलेत आणि दाढी करताना, झाडांना पाणी घालताना सारख्या तिकडच्या जुन्या टीव्ही प्रोग्रॅमच्या ट्यून्स गुणगुणत असतात. पंच्याहत्तरीला घरातली मुलं मिळून दहा मिनिटांची मेडली वाजवणार आहेत, हाताशी पेटी, बासरी, तबला आणि एक कीबोर्ड आहे. विचारलंय की कुठल्या ट्यून्स घ्यायच्या, कशा बसवायच्या, आणि त्या खरंच इतक्या चांगल्या होत्या की वय झालं म्हणून जुनं सगळंच गोड लागतं.

मी साउंडचं काम करतो. १९८९ मध्ये दादरच्या एका स्टुडिओत असिस्टंट म्हणून लागलो तेव्हा स्पूल टेपवर काम चालायचं, मग अकरा वर्षं लंडनमध्ये पोस्ट-प्रॉडक्शनला होतो, आता पुण्यात सिरियलींची टायटल म्युझिक करतो, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या पोटापाण्याचा आहे आणि जिव्हाळ्याचाही.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर कळलं की कशा बसवायच्या ते आपोआप कळेल.

लंडनला पहिली दोन वर्षं मी हॅरोमध्ये एका आजींच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचो. टीव्ही पुढच्या खोलीत, स्वयंपाकघर मागे, मधे लांब पॅसेज, म्हणजे आजी ओट्याशी असल्या की त्यांना टीव्ही दिसायचा नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी साडेसातला 'कोरोनेशन स्ट्रीट' ही सिरियल लागायची. तो कॉर्नेटचा (ट्रम्पेटसारखंच, जरा आखूड वाद्य) सूर सुरू व्हायचा, जरासा ओढलेला, जरासा थकल्यासारखा, आणि आजी हातातला बटाटा तसाच सिंकमध्ये सोडून एप्रनला हात पुसत यायच्या, दुसरी ओळ संपायच्या आत खुर्चीत. कोणी हाक मारलेली नसायची, घड्याळ बघितलेलं नसायचं. मी कित्येकदा जिन्यात उभं राहून हे बघितलंय. आपल्याकडे रात्री जेवणं झाल्यावर गल्लीत कुल्फीवाल्याची घंटा वाजली की पोरं चपला न घालता धावायची ना, अगदी तसंच. त्या घंटेचं कोणी संगीत म्हणून कौतुक करत नाही, पण ती चाळीस वर्षांनीही ओळखता येते.

तर माझं म्हणणं हे आहे की त्या ट्यून्स हाक मारायला केलेल्या होत्या. सोफ्यावर बसलेल्या माणसासाठी नाही, तर मागच्या खोलीत, जिन्यावर, अंगणात असलेल्या माणसासाठी. ती हाक भिंतीतून जायला पाहिजे, पाण्याच्या नळाच्या आवाजावर मात करायला पाहिजे, आणि पहिल्या चार सुरांत सांगायला पाहिजे की कोण आलंय. या एका कामामुळे त्यांचं सगळं रूप ठरलंय, वाद्यं कुठली, सूर कुठल्या पट्टीत, लांबी किती.

वाद्यांचंच बघा. त्या काळच्या टीव्ही सेटमध्ये हाताच्या पंजाएवढा स्पीकर असायचा, बऱ्याचदा सेटच्या एका बाजूला, त्यातून खालचा बेस येतच नाही आणि अगदी वरची चकाकीही मरते, उरतो तो मधला पट्टा, जिथे माणसाचा आवाज असतो. एरिक स्पिअर यांनी 'कोरोनेशन स्ट्रीट'ची ट्यून केली, पहिला भाग ९ डिसेंबर १९६० ला लागला, आणि ती चाल दिली कॉर्नेटला. कॉर्नेट बरोब्बर त्या मधल्या पट्ट्यात गातं, भिंत ओलांडतं. शिवाय सिरियल घडते इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कामगार वस्तीत, तिकडे गिरण्यांचे आणि खाणींचे ब्रास बँड घरोघरी माहीत, म्हणजे एकाच वाद्यात हाकही आली आणि पत्ताही आला. माउथ ऑर्गन, पिकोलो (छोटी, वरच्या पट्टीतली पाश्चात्त्य बासरी), झायलोफोन, ही असली वाद्यं त्या काळात इतकी का दिसतात त्याचं कारणही हेच. आजचे आम्ही लोक टायटलला इतका बेस भरतो की मोबाईलवर निम्मी ट्यून गायब होते, आणि मग म्हणतो की लक्षात राहत नाही.

दुसरी गोष्ट, ब्रिटनमध्ये २ नोव्हेंबर १९८२ ला चॅनेल फोर सुरू होईपर्यंत तीनच चॅनेल होते, बीबीसी वन, बीबीसी टू आणि आयटीव्ही. म्हणजे एका गल्लीत एकाच वेळी पन्नास घरांतून तीच ट्यून ऐकू यायची आणि ती कोणाला पुढे ढकलता यायची नाही. आठवड्याला एकदा, वर्षानुवर्षं, त्याच वाराला, त्याच वासांबरोबर. आपल्याकडेही दूरदर्शनची ती गोल गोल फिरत येणारी खूण आणि तिच्यावरचा शहनाईचा सूर आठवा, पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खान यांनी केलेला, तो आजही ऐकला की आपल्या पिढीला संध्याकाळ आठवते, नुसता सूर नाही आठवत. तुमच्या बाबांचं तेच होतंय. कारखान्यातून घरी येऊन बूट काढतानाची वेळ त्या ट्यूनमध्ये जाऊन बसलीय. पण एक लक्षात घ्या, त्याच काळात अशा शेकडो ट्यून्स केल्या गेल्या ज्या आज कोणालाच आठवत नाहीत, त्यांनाही तेच वार आणि तीच संध्याकाळ मिळाली होती. तेव्हा नुसत्या वयाचा प्रश्न नाही. आठवण अडकायला खुंटी मजबूत लागते.

आता सगळ्यात मजबूत खुंटी, 'डॉक्टर हू', काळातून प्रवास करणाऱ्या डॉक्टरची बीबीसीची मालिका. यावर मी जरा थांबणार आहे कारण टेप कापणाऱ्या माणसाला ही ट्यून म्हणजे काय ते वेगळंच कळतं. चाल लिहिली रॉन ग्रेनर यांनी, मूळचे ऑस्ट्रेलियन, 'स्टेप्टो अँड सन' आणि 'द प्रिझनर'च्या ट्यून्सही त्यांच्याच. त्यांनी एक साधं पान लिहून दिलं, त्यावर सुरांच्या जोडीला वाऱ्याचे बुडबुडे, ढग असले शब्द, आणि ते गेलं बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमसाठी नवेनवे आवाज तयार करणाऱ्या विभागात, लंडनच्या मैदा व्हेलला. तिथे डेलिया डर्बीशायर नावाची कॉव्हेंट्रीची मुलगी होती, केंब्रिजला गणित आणि संगीत शिकलेली, जिला आधी एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीने आम्ही रेकॉर्डिंगला बायका घेत नाही म्हणून परत पाठवलं होतं. साल १९६३. सिंथेसायझर बाजारात नाही, एकाच टेपवर अनेक आवाज वेगवेगळे घेणारं मल्टिट्रॅक मशीन वर्कशॉपकडे नाही. डेलिया आणि त्यांचे सहकारी डिक मिल्स यांनी ती अख्खी ट्यून एकेक सूर कापून जोडली.

म्हणजे नक्की काय केलं ते सांगतो. तुम्हाला जो धडधडणारा बेस ऐकू येतो, ती एकच तार आहे. ताणून बसवलेली तार एकदा छेडली, टेपवर घेतली, मग टेपचा वेग कमीजास्त करून त्या एकाच टणत्कारापासून खालचा सा, वरचा ग, जो पाहिजे तो सूर मिळवला, प्रत्येक सुराच्या पट्ट्या कापल्या आणि चालीप्रमाणे एकापुढे एक चिकटवल्या. टेप सेकंदाला पंधरा इंच धावते असं धरा, तर पाव सेकंदाचा सूर म्हणजे पावणेचार इंचाची पट्टी. मी दादरला हेच काम केलंय, जाहिरातीतला एक खोकला काढायचा असला तरी स्पूल हाताने मागेपुढे फिरवून जागा शोधायची, पिवळ्या पेन्सिलीने खूण करायची, ब्लॉकवर टेप बसवून तिरकी कापायची म्हणजे जोड ऐकू येत नाही, मग पांढरी चिकटपट्टी अंगठ्याच्या नखाने घासायची. एका जोडाला दोन मिनिटं लागायची आणि दिवसात वीस जोड केले की डोळे दुखायचे. त्यांनी बेसची एक टेप, चालीची एक टेप, फुसफुसणाऱ्या आवाजांची एक टेप अशा वेगवेगळ्या टेप केल्या आणि वेगवेगळ्या मशीनवर एकदम सुरू करून त्या एकत्र घेतल्या. मधे कुठेतरी एक सूर चुकत होता, सापडेना, तेव्हा त्या टेप मैदा व्हेलच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये जमिनीवर शेजारी शेजारी अंथरल्या आणि कुठला जोड पुढेमागे झालाय तो डोळ्यांनी बघून काढला. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्या कॉरिडॉरमध्ये जाऊन नमस्कार करावासा वाटला.

आणि वरची ती हूऽऽऽ करत चढणारी चाल, ती टेस्टिंगला वापरायच्या ऑसिलेटरवरची, म्हणजे विजेवर एकसारखा सूर काढणाऱ्या यंत्रावरची आहे. नॉब हाताने फिरवून एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत न्यायचं. आपण याला काय म्हणतो? मींड. तुमच्या बाबांना ती ट्यून इतकी आवडते त्यात आपल्या कानाला मींडेची सवय आहे याचा वाटा असणार असं मला मनापासून वाटतं. ग्रेनर यांनी ती तयार झाल्यावर ऐकली तेव्हा हे मी लिहिलंय का असं विचारलं, डेलिया म्हणाल्या बरंचसं तुम्हीच. त्यांना डेलियाचं नाव सोबत द्यायचं होतं पण वर्कशॉपच्या लोकांची नावं द्यायची नाहीत असा बीबीसीचा नियम होता. पडद्यावर डेलियाचं नाव आलं ते २०१३ मध्ये, पन्नासाव्या वर्षाच्या खास भागाला, आणि त्या वारल्या २००१ मध्ये. समारंभात तुम्ही निवेदन करणार असाल तर कृपया त्यांचं नाव घ्या.

वाजवताना चाल बासरीला द्या, पेटीला नाही, पेटीवर मींड येत नाही आणि मींडेशिवाय ही ट्यून म्हणजे नुसती हाडं. मूळ पट्टी ई मायनर आहे, म्हणजे पेटीच्या हिशोबाने पांढरी तीनचा सा, ग ध नी कोमल. बेस कीबोर्डवर, तिस्र जातीत, घोडा दौडल्यासारखा. तबला पूर्ण बंद ठेवा. मूळ ट्यूनमध्ये एकही ढोल किंवा ड्रम नाही, सगळी लय त्या एका तारेची आहे, तबलेवाल्याला कितीही मोह झाला तरी त्याला सांगा की मांडीवर हात.

आता रॉनी हेझलहर्स्ट. बीबीसीच्या विनोदी मालिकांच्या ट्यून्स म्हटलं की निम्म्यावर या माणसाचा हात आहे. याचं डोकं फार सुंदर चालायचं, प्रोग्रॅमचं नाव किंवा जागा तो सुरांतच दडवायचा. 'सम मदर्स डू अॅव्ह एम' घ्या, मायकेल क्रॉफर्ड यांची, तो धडपड्या फ्रँक. तिची ट्यून दोन पिकोलोंवर आहे, टिट टिट टिट, टीऽ टीऽ टीऽ, ऐकताना वाटतं नुसती चेष्टा चाललीय, पण ते मोर्स कोड आहे, मालिकेचं नावच अक्षरं लावून वाजवलंय. पहिलं अक्षर एस म्हणून तीन छोटे ठोके, मग ओ म्हणून तीन लांब, मग एम म्हणून दोन लांब. बासरीवाल्याला हे कागदावर लिहून द्या आणि छोटी, वरच्या पट्टीतली बासरी घ्यायला सांगा. 'आर यू बीइंग सर्व्ह्ड'मध्ये दुकानातल्या कॅश रजिस्टरची खणखण हाच ताल, आणि लिफ्टमधली बाई मजल्यांची नावं सांगते तीच गाणं. 'येस मिनिस्टर'मध्ये बिग बेनच्या टोल्यांच्या सुरांवरून चाल काढलीय, पहिल्याच क्षणी कळतं की गोष्ट लंडनच्या सरकारी हापिसातली आहे. (ही मालिका आपल्याकडे २००१ मध्ये 'जी मंत्रीजी' म्हणून आली होती, फारूख शेख होते.) पुढे बॅरिंग्टन फेलुंग यांनीही 'इन्स्पेक्टर मोर्स'च्या ट्यूनमध्ये मोर्स कोडमध्ये त्याचं नाव घातलं, आणि कधीकधी भागाच्या संगीतात खुन्याचं नावसुद्धा दडवायचे.

पण हेझलहर्स्ट यांची मला सगळ्यात जवळची ट्यून आहे 'लास्ट ऑफ द समर वाईन'ची, आणि मी पैज लावतो की तुमचे बाबा बागेत जी गुणगुणतात ती हीच. यॉर्कशरमधल्या होमफर्थ गावात तीन म्हातारे मित्र टेकड्यांवर भटकतात एवढीच गोष्ट, १९७३ पासून २०१० पर्यंत चालली. विनोदी मालिकेला इतकी हळवी, संथ ट्यून कशी चालेल म्हणून बीबीसीवाल्यांना ती आधी पसंत नव्हती. संथ वॉल्ट्झ आहे, तीन मात्रांची, माउथ ऑर्गनवर हॅरी पिच यांनी वाजवलेली. इथे तुमचं नशीब चांगलं आहे, कारण पेटी आणि माउथ ऑर्गन ही सख्खी भावंडं, दोन्हीत हवेने थरथरणारी पितळेची रीड, फक्त एकीला भाता आहे आणि दुसऱ्याला माणसाचा श्वास. म्हणून ही ट्यून पेटीवरच घ्या. कप्लर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातला सूरही वाजवणारी सोय) काढून टाका, एकच रीडसेट ठेवा, भाता अगदी हलका, जणू फुंकर घालतोय, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी भाता संपू द्या, सूर विरू द्या, कारण माउथ ऑर्गनवाल्याचाही श्वास संपतो. तबल्यावर दादरा धरता येईल पण ठेका न वाटता नुसत्या थापेने, पहिल्या मात्रेवर बोट, बाकी दोन जवळजवळ मनातल्या मनात. लग्गी, म्हणजे ठेक्याची जलद भरगच्च वाजवणी, नको. इथे कोणी लग्गी लावली तर ती टेकडी, ते गवत, सगळं जाईल.

एक सावधगिरी. नावं सांगताना नेटवर दिसेल ते उचलू नका. हेझलहर्स्ट २००७ मध्ये वारले तेव्हा ब्रिटनमधल्या नामांकित वर्तमानपत्रांनी त्यांच्या मृत्युलेखात छापलं की एस क्लब सेव्हनचं एक पॉप गाणं त्यांनी लिहिलं होतं, कारण कोणीतरी नेटवरच्या विश्वकोशात ते घुसडलं होतं आणि कोणी तपासलं नाही. आयुष्यभर इतकं काम केलेल्या माणसाच्या बाबतीत असं व्हावं याचं मला आजही वाईट वाटतं.

'डॅड्स आर्मी' घ्यायचीच, दुसऱ्या महायुद्धातल्या म्हाताऱ्या राखीव सैनिकांची ती विनोदी मालिका, आणि तिची ट्यून गाऊन. हिटलरला टोमणा मारणारं ते गाणं ऐकून सगळ्यांना वाटतं की युद्धाच्या काळातलं आहे, माझ्या त्या हॅरोच्या आजी शपथेवर सांगायच्या की त्यांनी ते लहानपणी तळघरात बॉम्बहल्ल्याच्या वेळी म्हटलंय. पण ते लिहिलंय १९६८ मध्ये, मालिकेसाठीच, शब्द जिमी पेरी यांचे, चाल त्यांची आणि डेरेक टॅव्हर्नर यांची. पेरी यांनी गायला बोलावलं बड फ्लॅनागन यांना, जे खरोखर युद्धाच्या काळातले लाडके गायक होते, आणि त्यांचा तो म्हातारा, खरखरीत, हसरा आवाज आला की लोकांना अख्खं १९४० परत मिळालं. फ्लॅनागन त्याच वर्षी गेले. तुम्ही विचारता ना की आठवणीमुळे चांगलं वाटतं का, तर इथे बघा, आठवणच रचलेली आहे, सूर, आवाज, वाद्यवृंद निवडून निवडून, इतकी नीट की जिने तो काळ भोगला तिलाही ती स्वतःची वाटली. हे साधं काम नाही.

मात्र सगळ्याच ट्यून्स अशा प्रोग्रॅमसाठी जीव ओतून केलेल्या नव्हत्या हेही प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. लायब्ररी म्युझिक म्हणून प्रकार असतो, केपीएमसारख्या कंपन्या आधीच ट्यून्स रेकॉर्ड करून ठेवायच्या, प्रोड्यूसर येऊन कपाटातून रेकॉर्ड काढायचा, ठराविक दर भरायचा. 'मास्टरमाईंड' या प्रश्नमंजुषेची ती काळजात धस्स करणारी ट्यून नील रिचर्डसन यांची, लायब्ररीतलीच. आयटीव्हीच्या 'न्यूज अॅट टेन'ची जॉनी पिअर्सन यांची, तीही तशीच. शाळेवरची 'ग्रेंज हिल' आणि 'गिव्ह अस अ क्लू' नावाचा खेळाचा प्रोग्रॅम, दोघांनी अॅलन हॉकशॉ यांची एकच ट्यून वापरलीय. माँटी पायथन या विनोदी मंडळींनी तर सूसा यांचं १८९३ मधलं अमेरिकन मार्च घेतलं, जुनं असल्याने हक्काचे पैसे लागत नव्हते. म्हणजे हाक बनवता येते तशी निवडताही येते, फक्त निवडणाऱ्याला कान पाहिजे.

बाबा क्रिकेटवाले असतील (नाशिकचे, सत्तरीचे, असणारच) तर बीबीसीच्या क्रिकेटची ट्यून विसरू नका, 'सोल लिंबो', बुकर टी अँड द एमजीज यांची. गंमत म्हणजे ही मंडळी अमेरिकेतल्या मेम्फिसची, क्रिकेटशी काही संबंध नाही, पण ती गायीच्या गळ्यातल्या घंटेची टकटक आणि वरचा मरिंबा (लाकडी पट्ट्यांचं, झायलोफोनसारखं वाद्य) ऐकला की ब्रिटनमधल्या माणसाला हिरवं मैदान दिसतं. १९८२ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डला आपल्या संदीप पाटलांनी बॉब विलिसला एका ओव्हरमध्ये सहा चौकार मारले तेव्हा लेस्टरच्या घरात बाबांनी काय केलं होतं ते त्यांना विचारा, आणि मग ट्यून वाजवा. इथे मात्र तबलेवाल्याला मोकळं सोडा, केहरवा, जोरात, आणि कोणाच्या तरी हातात देवघरातली घंटा नको, जाड पत्र्याची गुराची घंटा द्या, आवाज बोथट पाहिजे.

नातवंडांना सामील करायचं असेल तर मिस्टर बीन. हॉवर्ड गुडॉल यांची, १९९०. चर्चमधल्या प्रार्थनेसारखी वाटते म्हणून सगळे गंभीर होतात, आणि शब्द लॅटिनमध्ये एवढेच आहेत की पाहा हा माणूस, जो घेवड्याचा दाणा आहे. एक्के होमो क्वी एस्ट फाबा. चार-पाच पोरं एका सुरात म्हणतील, अगदी हात जोडून, हसायचं नाही एवढं बजावा.

'काउंटडाऊन'चं घड्याळ मेडलीत घालू नका, ते वेगळं वापरा. अक्षरं लावायचा हा प्रोग्रॅम चॅनेल फोरवर पहिल्याच दिवशी पहिला लागला होता, आणि हॉकशॉ यांनी केलेली ती तीस सेकंदांची धून शेवटी अशी काही आपटते की वेळ संपल्याचं पोटात कळतं. पाहुण्यांना कोडी घालायची असतील तर बरोबर तीस सेकंद ती लावा.

बसवण्याबद्दल. प्रत्येक ट्यून जेवढी होती तेवढीच ठेवा, तीस ते पंचेचाळीस सेकंद, एकदा. लांबवायची नाही, आलाप नाही, दुसऱ्यांदा वरच्या पट्टीत नाही. आपल्याकडे मेडली म्हटलं की एका गाण्यातून दुसऱ्यात गुळगुळीत जायची पद्धत आहे, मधे कीबोर्डवाला काहीतरी भरत राहतो, ते इथे अजिबात करू नका. दोन ट्यून्सच्या मधे तीन सेकंद पूर्ण शांतता. हाकेच्या आधी शांतता लागते, नाहीतर ती हाक राहत नाही. कीबोर्डवर स्ट्रिंग्जचा गालिचा अंथरायची सवय असेल तर तो आवाज बंद करून ठेवा. आणि साउंडवाल्याला सांगा की बेस कमी करा, मधला पट्टा वर आणा, स्पीकर दोन मोठे लावण्यापेक्षा एकच छोटा, पेटीवाल्याच्या शेजारी. तो हसेल, तरी सांगा. क्रम तुम्हाला पाहिजे तो, फक्त 'समर वाईन' शेवटाकडे असू दे आणि 'डॉक्टर हू'च्या वेळी शक्य झालं तर दिवे बंद करा.

राहिली 'कोरोनेशन स्ट्रीट'. ती बासरीवर होणार नाही, पेटीवर होणार नाही, कीबोर्डमधल्या ट्रम्पेटवर तर नकोच. नाशिकला लग्नाच्या बँडमधला एखादा जुना ट्रम्पेटवाला शोधा, पन्नाशीच्या पुढचा, कारण तरुण मुलं फार झगझगीत वाजवतात. कॉर्नेट आणि ट्रम्पेट सारख्याच बोटांनी वाजतात, त्याला अडचण येणार नाही. मूळ ट्यून त्याला मोबाईलवर दहा वेळा ऐकवा, सांगा की वरातीसारखी नाही, दिवसभर काम करून घरी चाललेल्या माणसासारखी वाजव, ट्रम्पेटचं तोंड मुठीने जरा झाकून. ते लोक सांगितलेलं बरोबर पकडतात, माझा अनुभव आहे.

आणि ही ट्यून स्टेजवर घेऊ नका. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी, पाहुणे यायच्या आधी, बाबा आतल्या खोलीत कपडे करत असतील तेव्हा त्या ट्रम्पेटवाल्याला मागच्या अंगणात उभं करा, पुढच्या खोलीत टीव्हीसमोर बाबांची खुर्ची ठेवा, आणि कोणीही काही बोलू नका. त्याला खूण करा आणि पॅसेजच्या दाराकडे बघत राहा.